खोक्यावर न छापलेल्या गोष्टी

ओळखीतल्या कोणी नवा स्वस्त फोन घेतला, की तो माझ्या हातात देऊन ‘किमतीच्या मानाने कसा आहे?’ असे विचारण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. प्रश्न सरळ दिसतो, पण त्यात दोन प्रश्न एकत्र गुंफलेले असतात: फोन मुळात कसा चालतो, आणि त्याच पैशांत आणखी काय मिळाले असते. बहुतेक परीक्षणे या दोन्हींना बगल देतात आणि खोक्यावर छापलेले आकडे मोठ्याने वाचून दाखवतात. ते आकडे खोटे नसतात, परंतु ते निवडून छापलेले असतात. कमी खर्चात फुगवता येणारा आकडा ठळक अक्षरांत येतो आणि ज्यावर खरोखर पैसे खर्च करावे लागतात ती गोष्ट बारीक अक्षरांत जाते किंवा छापलीच जात नाही. महागड्या फोनची पारख त्याच्या सर्वोत्तम कामगिरीवरून केली तरी फारसे बिघडत नाही, कारण त्याच्याकडे ताकद शिल्लक असते. स्वस्त फोनची पारख मात्र तो सर्वांत संथ कधी होतो, किती वेळ होतो आणि त्या वेळी आपण काय करत असतो, यावरूनच करावी लागते, असे माझे मत आहे.

संथ म्हणजे नेमके किती संथ, याचे काही ठोस माप हाताशी असलेले बरे. संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजूनही उपयोगी पडतात: ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांनंतर माणसाचे लक्ष उडते. अँड्रॉइडवर ॲप तयार करणाऱ्यांसाठी गूगलनेही काही सीमारेषा आखून दिल्या आहेत. पूर्ण बंद असलेले ॲप उघडायला ५ सेकंद किंवा अधिक लागले, तर तो वेळ जास्त समजला जातो. मागे ठेवलेले ॲप परत समोर आणायला १.५ सेकंद लागले तरी तक्रारीला जागा आहे. आणि पडद्यावरचे एकच चित्र ७०० मिलिसेकंदांहून अधिक काळ थिजून राहिले, तर ते गोठलेले मानले जाते. फोन हातात घेतल्यावर मी हेच पाहतो. कीबोर्ड वर यायला किती वेळ लागतो, कॅमेरा उघडून पहिले छायाचित्र कधी निघते, आणि अर्धवट लिहिलेला संदेश सोडून दुसरीकडे जाऊन आले तर तो जागेवर असतो का, एवढ्यावरून पुष्कळ कळते.

प्रोसेसरपासून सुरुवात करू, कारण जाहिरातीही तिथूनच सुरू होतात. कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे आज्ञा पार पाडणारा भाग. ‘आठ कोर’ हा शब्दप्रयोग ऐकायला भारदस्त असला, तरी त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. स्वस्त फोनमध्ये आढळणारे लहान कोर बहुधा प्रोसेसरचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-ए५३ किंवा कॉर्टेक्स-ए५५ रचनेचे असतात. पहिली रचना २०१२ मध्ये जाहीर झाली, दुसरी २०१७ मध्ये. हे कोर वीज कमी खातात, पण आज्ञा आल्या त्याच क्रमाने पार पाडतात, आणि एखादी माहिती मेमरीतून यायला उशीर झाला की मागच्या आज्ञाही खोळंबतात. कॉर्टेक्स-ए७५, ए७६, ए७८ यांसारखे मोठे कोर क्रम मोडून, जे काम करता येण्याजोगे आहे ते आधी उरकतात, म्हणून तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्येही, म्हणजे कागदावरचा वेग सारखा असतानाही, ते बरेच पुढे असतात. आता ॲपचा पडदा आखणे, बोटाच्या स्पर्शाला उत्तर देणे, संकेतस्थळाची पाने जुळवणे ही कामे मुख्यतः एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोरवर, चालतात. एकाच दोराने पाणी शेंदायचे असेल, तर विहिरीभोवती आठ जण उभे राहिल्याने ते लवकर वर येत नाही. आठही लहान कोर असलेला प्रोसेसर आणि दोन मोठे व सहा लहान कोर असलेला प्रोसेसर खोक्यावर सारखेच ‘ऑक्टा-कोर’ म्हणवतात, पण रोजच्या वापरात त्यांच्यातला फरक पहिल्या मिनिटातच जाणवतो. त्यात प्रोसेसरचे नाव नवे आणि आतले कोर जुनेच, हा प्रकारही या किमतीत सर्रास चालतो. त्यामुळे नावापुढचा क्रमांक न पाहता आत मोठे कोर आहेत का, असले तर कोणत्या रचनेचे, हे शोधून काढावे. चिपसेटचे, म्हणजे प्रोसेसर ज्यात असतो त्या मुख्य चिपचे, नाव घालून शोधले की ही माहिती सहज सापडते.

तरीही माझ्या मते स्वस्त फोन संथ वाटण्याचे सर्वांत मोठे कारण प्रोसेसर नसून स्टोरेज, म्हणजे ॲप्स आणि छायाचित्रे साठवण्याची जागा, असते, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. खोक्यावर ‘१२८ जीबी’ असते. ते कोणत्या जातीचे, हे नसते. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी ५.१ हा जुना प्रकार वापरतात, किंवा मग यूएफएस २.१ वा २.२. ईएमएमसीच्या जोडणीची कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे ४०० मेगाबाइट आहे आणि ती एका वेळी वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम करू शकत नाही. दोन मार्गिका असलेल्या यूएफएस २ ची कागदावरची मर्यादा त्याच्या जवळपास तिप्पट असते आणि वाचन व लेखन एकाच वेळी चालू शकते. २०२० मधल्या २.२ आवृत्तीत लेखनाचा वेग वाढवणारी सोयही आली. प्रत्यक्षात एवढे वेग कोणालाच मिळत नाहीत, आणि मोठी फाइल सलग वाचण्याचा वेग रोजच्या वापरात फारसा कामाचाही नसतो. ॲप उघडते तेव्हा फोन शेकडो लहान लहान तुकडे इकडून तिकडून गोळा करत असतो, आणि कस लागतो तो तिथे.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर एक सोपा प्रयोग आहे. ॲप स्टोअरमध्ये पाच-सात ॲप्स एकदम अपडेटला लावावीत, आणि ती उतरून बसत असतानाच संदेशांचे ॲप उघडून भरभर टंकलेखन करावे. ईएमएमसीच्या फोनवर कीबोर्ड आधी रिकाम्या राखाडी पट्टीसारखा येतो, मग त्यावर अक्षरे उमटतात; आपण एक शब्द लिहून पुढे गेलेलो असतो तेव्हा मागची चार अक्षरे एकदम पडद्यावर येतात; गॅलरी उघडली तर छायाचित्रांच्या जागी करडे चौकोन दिसतात आणि ते एकेक करून भरत जातात. याच वेळी प्रोसेसर किती व्यग्र आहे ते पाहिले, तर तो बहुतेक वाट पाहत बसलेला असतो. हाच प्रयोग यूएफएस असलेल्या, पण प्रोसेसर साधारण असलेल्या फोनवर केला, तर वेग थोडा कमी होतो, मात्र हाताखालचा फोन निसटल्यासारखे वाटत नाही. माझ्या पारखीत या एका प्रयोगाला बाकी सर्व आकड्यांहून अधिक वजन आहे. एक सावधगिरी मात्र घ्यावी: एकाच नावाच्या फोनमध्ये कमी जीबीच्या आवृत्तीला ईएमएमसी आणि जास्त जीबीच्या आवृत्तीला यूएफएस, असेही कधीकधी असते. तेव्हा परीक्षण वाचताना ते कोणत्या आवृत्तीचे आहे, हे आधी पाहावे.

स्टोरेज भरत गेले की गोष्ट आणखी बिघडते. स्टोरेज ज्या फ्लॅश मेमरीचे बनलेले असते, तीत जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी पूर्ण गठ्ठा पुसावा लागतो आणि त्यातला हवा असलेला भाग दुसरीकडे हलवावा लागतो. रिकामी जागा भरपूर असते तोवर ही हलवाहलव आपल्या नकळत पार पडते. जागा संपत आली की ती आपल्या कामाच्या मध्ये येते. नवाकोरा स्वस्त फोन चपळ वाटतो आणि वर्षभराने तोच रडवतो, याचे खापर बहुधा अपडेटवर फोडले जाते. काही अंशी ते खरेही असते, पण ९५ टक्के भरलेल्या ईएमएमसीचा वाटा मला त्याहून मोठा वाटतो. म्हणून ६४ जीबीचा फोन ‘मला पुरेल’ असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की सध्याच्या फोनमध्ये किती जागा भरली आहे.

आता रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी. ‘४ जीबी अधिक ४ जीबी’ असे लिहिलेले दिसले की दुसरा आकडा खोडून टाकावा. तो रॅम नसतोच. स्टोरेजचा एक भाग बाजूला काढून, सध्या न लागणारी माहिती तिथे ठेवण्याची ती व्यवस्था असते. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ असते, आणि ते ईएमएमसी असेल तर आधीच दमलेल्या भागावर आणखी एक ओझे टाकल्यासारखे होते. रॅममधली माहिती दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवण्याची युक्ती अँड्रॉइड आधीपासूनच वापरतो, ती बरीच चांगली चालते. खरा प्रश्न हा की मेमरी कमी पडू लागल्यावर फोन मागची ॲप्स किती लवकर मारतो. अर्धा भरलेला अर्ज उघडा ठेवून, त्याला जोडायचे छायाचित्र काढायला कॅमेऱ्यात जावे आणि परत यावे. अर्ज पुन्हा पहिल्यापासून उघडला, तर रॅम अपुरा आहे, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. २०१७ मध्ये जाहीर झालेली ‘अँड्रॉइड गो’ ही हलकी आवृत्ती मुळात १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनसाठी होती. १३व्या आवृत्तीपर्यंत तिची किमान गरजही २ जीबीवर गेली. यावरून ॲप्सची भूक किती वाढली आहे याचा अंदाज येतो. आजच्या घडीला पूर्ण अँड्रॉइडसाठी ४ जीबी ही मी काठावरची गोष्ट मानतो, आणि ६ जीबीला निश्चिंत होतो.

बेंचमार्कच्या, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांच्या, गुणांकडे मी पाहतो, पण सगळ्यांकडे नाही. अंतुतूसारख्या चाचण्या प्रोसेसर, ग्राफिक्स, मेमरी अशा सर्वांचे गुण मिळवून एकच मोठी संख्या देतात, त्यामुळे ग्राफिक्समध्ये बरा आणि स्टोरेजमध्ये हलाखीचा असलेला फोन त्या बेरजेत लपून जातो. गीकबेंच या चाचणीतला एकाच कोरचा गुण मात्र स्वस्त फोनसाठी खरोखर बोलका आहे, कारण वर सांगितलेला एका दोराचा प्रश्न त्यात थेट मोजला जातो. शिवाय चाचणी ओळखून तेवढ्यापुरता जोर लावण्याची सवय या उद्योगाला जुनीच आहे. २०१३ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ च्या एका आवृत्तीत ठरावीक चाचण्या चालू असतानाच ग्राफिक्स भागाचा वेग वाढत असल्याचे उघड झाले होते, आणि २०१८ मध्ये याच कारणाने हुआवेच्या काही फोनची नावे थ्रीडीमार्क या चाचणीच्या यादीतून काढण्यात आली. ही उदाहरणे बहुतांशी महागड्या फोनची आहेत, पण धडा सर्वांना सारखाच लागू पडतो.

उष्णतेच्या बाबतीत स्वस्त फोन कधीकधी सुखद धक्का देतात. अगदी खालच्या श्रेणीतले प्रोसेसर मुळातच इतकी कमी वीज घेतात की वीस मिनिटे राबवले तरी त्यांचा वेग फारसा उतरत नाही. जे काही आहे ते शेवटपर्यंत तसेच राहते. त्रास होतो तो मधल्या श्रेणीत, जिथे मोठे कोर बसवलेले असतात पण उष्णता पसरवण्यासाठी आत पुरेशी व्यवस्था नसते. त्यातही १२ नॅनोमीटरच्या जुन्या प्रक्रियेवर घडवलेली चिप ६ नॅनोमीटरच्या चिपपेक्षा तेवढ्याच कामाला जास्त तापते. पंधरा-वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल करून, तो संपताच नकाशा उघडून रस्ता शोधावा. तापल्यावर फोन कसा वागतो हे तेव्हा दिसते.

पडद्याबद्दल माझे मत बहुतेकांना पटत नाही. १०८० × २४०० च्या पडद्यावर सुमारे २५.९ लाख बिंदू असतात आणि ७२० × १६०० च्या पडद्यावर ११.५ लाख, म्हणजे पहिला आखायला ग्राफिक्स भागाला सव्वादोन पट काम पडते. प्रोसेसर दुबळा असेल तर कमी बिंदूंचा पडदा हा मी काटकसर न मानता शहाणपणा मानतो. रिफ्रेश रेटचेही, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो त्याचेही, तेच. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्र तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ९० वर ११.१ आणि १२० वर ८.३. ज्या फोनला १६ मिलिसेकंदांतही काम उरकत नाही, त्याच्यावर ‘१२० हर्ट्झ’ लिहिल्याने वाचताना मजकूर कधी घसरतो, कधी अडखळतो, आणि ही अनियमितता स्थिर ६० हर्ट्झपेक्षा डोळ्यांना जास्त खुपते. हे तपासायचे तर ‘फोनविषयी’ या विभागातल्या बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडावेत. तिथे प्रत्येक चित्राला लागलेला वेळ पडद्यावर उभ्या पट्ट्यांनी दाखवण्याची सोय असते. वेळेची मर्यादा दाखवणाऱ्या हिरव्या रेषेच्या वर वारंवार उसळणाऱ्या पट्ट्या म्हणजेच आपल्याला जाणवणारे अडखळणे. तिथेच ॲनिमेशनचा वेगही पाहून घ्यावा. ॲनिमेशन आखूड केले की कोणताही फोन चपळ भासतो, म्हणून दोन फोनची तुलना करताना दोन्हींवर ते एकसारखे ठेवावे. डीआरएमचा, म्हणजे चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेचा, दर्जा हीदेखील पडद्याच्या खात्यातली एक न छापलेली गोष्ट आहे: गूगलच्या वाइडवाइन या डीआरएमची एल१ ही वरची पातळी नसेल, तर अनेक चित्रपटसेवा त्या फोनवर कमी दर्जाचेच चित्र देतात, मग पडदा कितीही चांगला असो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. ‘५० मेगापिक्सेल’ म्हणजे बहुधा चार बिंदू एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचे छायाचित्र, आणि शेजारची २ मेगापिक्सेलची भिंगे शोभेची. घरात, दिव्याच्या उजेडात हलत्या माणसाचे छायाचित्र काढून पाहावे आणि बटण दाबल्यापासून दुसरे छायाचित्र काढता येईपर्यंत किती वेळ जातो ते मोजावे, तेवढे पुरे.

सेन्सरमधली कपात मात्र पहिल्या आठवड्यात लक्षात येत नाही आणि नंतर रोज छळते. काही स्वस्त फोनमध्ये कानाजवळ नेल्यावर पडदा बंद करणारा खरा सेन्सर नसतो. त्याऐवजी इतर संकेतांवरून अंदाज बांधणारी व्यवस्था असते. तिचा अंदाज चुकला की कॉल चालू असताना गालाने आवाज बंद होतो, किंवा कॉल संपल्यावर फोन कानापासून दूर आणला तरी पडदा काळाच राहतो. होकायंत्राचा सेन्सर नसेल, तर नकाशावरचा आपला बाण उभ्या जागी कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे सांगू शकत नाही. आपण दहा-वीस पावले चालल्यावरच त्याला दिशा कळते. दूरच्या गावी चौकात उभे राहून रस्ता शोधणाऱ्याला हा फरक प्रोसेसरच्या फरकापेक्षा मोठा वाटेल.

पारख कधी करावी, हेही महत्त्वाचे आहे. पहिल्या दिवसाचे मत दोन्ही बाजूंनी फसवे असते. एकीकडे फोन जुनी छायाचित्रे चाळून त्यांची सूची करत असतो, ॲप्सची अपडेट्स उतरवत असतो, आणि २०१६ मधल्या अँड्रॉइड ७ पासून ॲप्सचा वारंवार लागणारा भाग फोन मोकळा व चार्जिंगला असताना आधीच तयार करून ठेवण्याचे काम चालते, तेही अजून व्हायचे असते. म्हणून तो उगाच गरम आणि संथ वाटतो. दुसरीकडे त्याचे स्टोरेज रिकामे असते, म्हणून तो आहे त्याहून चपळही वाटतो. आठवडाभर थांबून, आपली नेहमीची ॲप्स आणि छायाचित्रे भरून मगच मत बनवावे. तेच मॉडेल सहा-आठ महिने वापरलेला कोणी ओळखीचा मिळाला, तर त्याचा फोन पाच मिनिटे हाताळणे कोणत्याही परीक्षणापेक्षा मोलाचे ठरते.

राहिला किमतीचा भाग. फोनची तुलना त्याच्याच किमतीच्या नव्या फोनशी करून लोक थांबतात. मी त्यात गेल्या वर्षीचा एक पायरी वरचा फोन आणि जुना पण पूर्वी महाग असलेला फोन हेही धरतो. माझ्या अनुभवात सर्वांत खालच्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना जे जास्तीचे पैसे लागतात, ते सहसा मोठे कोर आणि यूएफएस घेऊन येतात, आणि तो खर्च वसूल होतो. त्यापुढच्या पायऱ्यांवर पैसे कॅमेरा, काच आणि दिसणे यांकडे वळतात. वापरलेल्या महाग फोनचे गणित बॅटरी आणि अपडेट या दोन गोष्टींवर अडते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनसाठी नियम केला आहे की ८०० चार्जिंग चक्रांनंतरही बॅटरीची क्षमता किमान ८० टक्के राहावी आणि ते मॉडेल बाजारात आणणे थांबल्यापासून किमान ५ वर्षे अपडेट मिळावीत. त्या बाजारात विकले जाणारे मॉडेल घेतले तर या आकड्यांवरून अंदाज बांधता येतो, आणि किमतीला वर्षांनी भागून दोन फोन शेजारी मांडता येतात. तशी हमी नसलेल्या फोनसाठी मी त्याच कंपनीचे दीड-दोन वर्षे जुने स्वस्त मॉडेल शोधतो आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख पाहतो. ती आठ-दहा महिने मागे अडकून पडलेली असेल, तर नव्या मॉडेलच्या खोक्यावर अपडेटचे कितीही वर्षांचे आश्वासन असले तरी ते मी भागाकारात धरत नाही.